नवाबाचा उपास

तिसऱ्यांदा चहा निवला, तेव्हा वहिनींनी कप उचलताना बशीचा जरा जास्तच आवाज केला.

"साखर कमी पडली का, वन्सं?"

"नाही हो. असू दे, घेते मी."

"मघाशीही घेते म्हणालात."

आत्या नुसतीच हसली. टाकीसमोरच्या बुटक्या स्टुलावर ती पहाटेपासून बसून होती, मांडीवर दाण्यांची डबी घेऊन. वहिनी कप उचलून आत गेल्या आणि मग स्वयंपाकघरातून बोलणं ऐकू आलं, ऐकू यावं अशाच बेताने: "आपल्या हातचा चहा आवडत नसेल तर माणसाने सरळ सांगावं. मला काही राग येत नाही." त्यावर डब्याचं झाकण असं काही बसलं, की राग कुठे गेला ते सगळ्या घराला कळलं.

आत्याला सांगता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं. पण नेम बोलून दाखवला की त्यातलं सत्त्व निघून जातं, उरते ती फुशारकी, असं तिला वाटे. एकटी राहू लागल्यापासूनचा तिचा नेम होता. उठावं, तोंड धुवावं, घटकाभर हात जोडून डोळे मिटावेत, मग खिडकीतल्या माशाला दाणे घालावेत. त्याने पहिला दाणा गिळला की आपण चहाचा पहिला घोट घ्यायचा. नवाबाच्या आधी एक तांबडा होता, त्याच्या आधी एक पांढराफटक. मासे बदलले, नेम बदलला नाही. आपल्या आधी कुणाच्या तरी पोटात काही जावं, एवढंच त्यात होतं. घरात दुसरं कुणी नसेल तर मासा का नसावा?

आणि आज नवाब दाण्याकडे ढुंकून बघत नव्हता.

नवाब बेटा जातीचा. दुकानात त्याला फायटरच म्हणतात. अंग शाईच्या दौतीत बुडवून काढल्यासारखं निळं, शेपटी रेशमी झालरीसारखी. काल दुपारी आत्याने त्याला स्वतःच्या हाताने या मोठ्या टाकीत सोडलं होतं. आधी पिशवीसकट पाण्यावर तरंगत ठेवलं, मग टाकीतलं पाणी चमच्या-चमच्याने पिशवीत घातलं, पाण्याची ओळख पटू दिली, मग सोडलं. तेव्हापासून त्याने पोटात कण घेतला नव्हता. कल्ल्यांची झाकणं छत्रीसारखी उघडून, पिसारा ताणून तो मागच्या काचेशी इकडून तिकडे, तिकडून इकडे धावत होता. इवल्या टेट्रा मासोळ्या, निखाऱ्याचे तुकडे पाण्यात टाकावेत तशा, एका कोपऱ्यात अंग चोरून उभ्या होत्या.

"रागावलाय तो अजून?" भिंगरीने विचारलं. आत्याच्या भाच्याची ही लेक. घरात ती कधी चालताना दिसली नाही, म्हणून भिंगरी. आज मात्र पाय ओढत आली होती.

"नवी जागा आहे ना बाळा."

"माझे मासे घाबरलेत, आत्याआजी. त्यांचीच टाकी होती की आधी."

आत्या कोपऱ्यातल्या त्या टेट्रांकडे वाकून बघू लागली.

घरात हे सगळं सुरू झालं ते आत्या आपल्या खोलीत पाय घसरून पडली त्या दिवसापासून. हाड मोडलं नाही, पण ज्यांची खोली त्या शेजारच्या बाई कामावरून येईपर्यंत ती तशीच फरशीवर पडून होती, आणि खिडकीत काचेमागून नवाब तिच्याकडे बघत होता. ते कळल्यावर दादा, तिचा थोरला भाऊ, दुकान उघडं टाकून आला. "चल," एवढंच म्हणाला. तो माणूस तसा कमीच बोलायचा. आरशांचा धंदा. आयुष्य काच कापण्यात गेलं, आणि काच कापताना जो बोलतो त्याच्या हाती तुकडे येतात.

आत्या आली खरी, पण सामान न आणता. "महिनाभर राहून बघते. नवाब रमला तर मीही रमले असं समजा. नाहीतर माझी खोली आहेच." तिच्या दृष्टीने ते थट्टेत बोललं गेलं होतं. या घराने ते शब्दशः घेतलं. दादाने दुसऱ्याच दिवशी काच कापायला घेतली. भाच्याने दिवा, हीटर, पाणी गाळायचं यंत्र आणलं. आत्या सांगत गेली तशी सगळ्यांनी जमवाजमव केली. पाण्याला जोराची धार नको, म्हणून यंत्राच्या तोंडाला स्पंज. बेटा उडी मारतो, म्हणून वर झाकण, पण श्वास घ्यायला तो वर येतो, म्हणून झाकणाखाली मोकळी हवा. तळाशी मऊ वाळू, ती मिशाळ कोरी माशांसाठी, कारण ते दिवसभर तोंडाने वाळू चाळत बसतात. शेजारी निवडले तेही विचार करून. शेपट्या कुरतडणारे खोडकर नकोत. भिंगरीच्या लाडक्या झुलत्या शेपटीच्या गप्पीसुद्धा वेगळ्या भांड्यात गेल्या, कारण "तसली शेपटी दिसली की नवाबाला वाटतं, दुसरा नवाब आला गादीवर बसायला." साध्या, चपळ, आपल्या कामाशी काम ठेवणाऱ्या टेट्रा, तळाशी कोरी आणि एक गोगलगाय. आधी ते रुळले, सगळ्यांत शेवटी नवाब.

सगळं पुस्तकात असावं तसं झालं होतं. आणि तरी.

आज संध्याकाळी खोलीवाल्या बाईंचा फोन येणार होता. खोलीला दुसरं माणूस मिळालं होतं. हो किंवा नाही, आजच्या आज हवं होतं.

*

रविवार, त्यामुळे दुकान बंद. दुकान पुढे, घर मागे आणि वर. जिन्याच्या वळणावर, स्वयंपाकघराच्या दाराशी, मोरीजवळ, कोठीतसुद्धा, जिथे भिंत तिथे आरसा. गिऱ्हाईक न्यायला आलंच नाही तो, कड जरा चुकली तो, नमुन्याचा म्हणून ठेवला तो. पाहुणे गोंधळायचे. स्वतःलाच "या, या" म्हणणारे एक दूरचे काका या घरात होऊन गेले होते. घरच्या माणसांना मात्र त्या आरशांचं काहीच नव्हतं. समुद्राकाठच्या माणसाला लाटा ऐकू येत नाहीत तसं.

भाचा दाढीचा फेस तसाच तोंडावर ठेवून टाकीपाशी आला. "बाबांना दाखवलं का?"

"सकाळपासून चार फेऱ्या झाल्या त्यांच्या," सूनबाई म्हणाली. ती दुकानात चित्रांना चौकटी करायची. बोटांना कायम डिंक आणि बोलणं चौकोनी, कोपरे जुळलेले. "येतात, बघतात, 'हं' म्हणतात, जातात."

"कसला हं? बरा हं की वाईट हं?"

"मला अजून फरक कळत नाही. तुमचे वडील आहेत, तुम्हीच सांगा."

"मला वाटतं टेट्रा परत देऊन टाकू. दुकानदार घेईल," भाचा म्हणाला.

"बाबा!" भिंगरीचे डोळे भरले. "ते काहीच करत नाहीयेत! ते तर कोपऱ्यात उभे आहेत! शिक्षा त्यांना का?"

"मग नवाबाला त्याच्या जुन्या टाकीत..." भाचा बोलता बोलता थांबला, कारण सूनबाईने त्याच्या पायावर पाय ठेवला होता. नवाबाला जुन्या टाकीत म्हणजे कुणाला जुन्या खोलीत, हे त्याच्या उशिरा ध्यानात आलं. फेस गालावरून ओघळून बनियनवर पडला.

"बरोबर बोलतोय तो," आत्या शांतपणे म्हणाली. "काही मासे एकटेच बरे असतात. त्यात कुणाचा दोष नाही. जात असते एकेकाची."

"आत्या, मी तसं नाही म्हटलं गं."

"तू काहीच वावगं म्हटलं नाहीस. जा, दाढी कर. अर्धा म्हातारा दिसतोस."

ती हसून बोलली खरी, पण तिच्या मनाने गाठोडं बांधायला घेतलं होतं. आयुष्यभर ती टेलिफोन ऑपरेटर होती. कानात लोकांचे आवाज, समोर भिंत. याला त्याच्याशी जोड, तिला हिच्याशी जोड, आणि आपण मधून बाजूला हो. नोकरी संपली तेव्हा तिला शांततेची तहान लागली होती, आणि मासा बोलत नाही हा त्याचा मोठा गुण. या घरात मात्र दोन माणसं शेजारी बसूनही जिन्यावरून हाक मारल्यासारखी बोलत. तीन आठवडे ती मऊ आवाजात "चालेल", "असू दे", "तुम्हाला सोयीचं असेल तसं" म्हणत होती. आपलं कुणाला ओझं होऊ नये म्हणून ती पावलंसुद्धा हलकी टाकत होती. आणि आता तिचा मासा एका पोरीचे मासे कोपऱ्यात उभे करून बसला होता.

ती उठली. डबीचं झाकण लावलं. सुटलेले केस सारखे करावेत म्हणून हात डोक्याकडे गेला आणि, या घरात वाढलेल्या कुठल्याही माणसाचे जातील तसे, डोळे आपोआप जवळच्या आरशाकडे गेले. तिने एक बट कानामागे सारली. दुसरी सारली. चेहरा ओढलेला दिसत होता. ओठ गच्च मिटलेले, नाकपुड्या फुगलेल्या. आपण एवढ्या रागात आहोत हे तिला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं.

आणि त्या रागीट चेहऱ्याच्या हनुवटीखाली, पाणवेलींच्या मधून, दोन निळे मासे एकमेकांच्या अंगावर धावून जात होते.

आत्याचा हात केसांतच राहिला.

दोन.

"अगंबाई," ती म्हणाली. मग तिच्या पोटातून काहीतरी वर येऊ लागलं. तिला वाटलं रडू असेल, पण ते हसू होतं. ते थांबेना. ती परत स्टुलावर बसली, तोंडाला पदर लावला, तरी खांदे हलतच राहिले.

*

स्वयंपाकघरात चौथा चहा उकळत होता. वहिनी हट्टाला पेटल्या होत्या.

"वहिनी, जरा इकडे या. दार लोटून घ्या."

वहिनी वळल्या. वन्सं लाल झालेल्या, डोळ्यांत पाणी. "काय झालं? कुणी काही बोललं का? आमचा मुलगा काही बोलला असेल तर मी त्याला..."

"टाकीच्या मागे आरसा आहे."

"असणारच. यांनीच लावलाय. दोन दिवस कड घासत होते त्याची. मग?"

"मग नवाबाला त्यात कोण दिसत असेल?"

वहिनींचं तोंड उघडं राहिलं. चहा उतू गेला. दोघींनी एकदमच गॅसकडे हात नेला.

"म्हणजे तो काल दुपारपासून..."

"स्वतःशीच भांडतोय. बिचारा दमला, उपाशी राहिला, पण मागे हटत नाही. समोरचाही हटत नाही ना!"

"आणि आपण त्या बारक्या माशांना बोल लावत बसलो."

"या घरात आरसा कुणाला दिसतो, वहिनी? मलाही केस नीट करायला उभी राहिले म्हणून दिसला."

वहिनी फळीला टेकल्या आणि हसू लागल्या. त्या हसताना आवाज करत नसत, नुसत्या हलत. एवढ्या वर्षांत आत्याला हे माहीतच नव्हतं. हसून झाल्यावर डोळे पुसत त्या म्हणाल्या, "तरी म्हटलं, सकाळपासून तुम्ही त्याच्यापाशी बसून, माझा चहा तसाच."

"त्याचं वेगळं आहे हो." आणि मग, का कोण जाणे, उतू गेलेल्या चहाच्या वासात आणि पातेलं पुसणाऱ्या त्या हातांकडे बघत, आत्याने जन्मात कुणाला न सांगितलेला नेम सांगून टाकला. "तो जेवला नाही, म्हणून मी घेतला नाही. तुमच्या चहात काही उणं नाही. वास येतो तेव्हा जीव कासावीस होतो माझा."

वहिनींनी पुसलेलं पातेलं पुन्हा पुसलं.

"आणि मी सकाळपासून भांडी आपटतेय," त्या हळूच म्हणाल्या.

"ऐकू येत होती."

"मग ओरडायचं ना माझ्यावर!"

"पाहुणीने ओरडायचं कसं?"

"पाहुणी," वहिनी म्हणाल्या. तो शब्द त्यांनी फडक्याने पुसून टाकल्यासारखा उच्चारला. "ते नंतर बघू. आता मुख्य प्रश्न. यांना सांगणार कोण?"

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

"तुम्ही सांगा," आत्या म्हणाली. "तुमचा नवरा."

"तुमचा भाऊ. लग्न झाल्यापासून मी यांना एकदाही 'तुमचं चुकलं' म्हटलेलं नाही. चुकत नाहीत म्हणून नव्हे. तो आरसा कुणासाठी घासला ते तरी बघा. बहीण येणार म्हणून. गिऱ्हाइकाला एवढी पैलू पाडलेली कड कधी मिळाली नाही."

मग सूनबाईला बोलावण्यात आलं, तिच्यामागून भाचा आला, भाच्यामागून भिंगरी. पाच माणसं त्या स्वयंपाकघरात उभी राहून कुजबुजू लागली. या घराची कुजबुज म्हणजे इतरांचं बोलणं.

"मी हळूच विषय काढतो," भाचा म्हणाला. "म्हणतो, बाबा, मागे गडद हिरवा पुठ्ठा लावला तर रंग उठून दिसतील."

"आणि ते काय म्हणतील?"

"हं म्हणतील."

"आरसा फुटला म्हणून सांगू," भिंगरीने सुचवलं.

"फुटलाय कुठे?"

"तो माझ्यावर सोडा."

"कारटे!"

"मी बोलते," सूनबाई म्हणाली. "सरळ कारण देते. दिव्याची तिरीप आरशावरून डोळ्यांवर येते म्हणते."

"म्हणजे आरशात खोट काढायची? त्यापेक्षा माशाला नावं ठेवलेली चालतील त्यांना," वहिनी म्हणाल्या.

आत्या त्या सगळ्यांकडे बघत होती. मघापर्यंत एक पोर तिच्या माशावर रुसली होती, एक बाई तिच्यावर रुसली होती, एक भाचा पाय पडेल तिथे घोळ घालत होता. आता सगळी डोकी एकत्र करून तिच्या माशासाठी कट शिजवत होती. बरं वाटलं. इतकं बरं वाटलं, की तिची तिलाच भीती वाटली.

"राहू दे," ती म्हणाली. "मीच सांगते. सरळ."

*

दादा दुकानात होता. बंद शटरच्या आत, एका दिव्याखाली, कामाच्या पाटावर पातळ तार आणि पाती मांडून बसलेला. मागून पाच जणांची रांग आत आली तरी त्याने मान वर केली नाही.

"दादा."

"हं."

"टाकीचा आरसा काढायला हवा."

दादाने तार खाली ठेवली. चष्मा कपाळावर नेला. बहिणीकडे बघितलं.

"का?"

"नवाबाला त्यात दुसरा मासा दिसतो. त्याच्याशी लढतोय तो. कालपासून."

दादा उठला. मागच्या खोलीत गेला, रांग त्याच्या मागून. टाकीपुढे तो गुडघ्यांवर बसला. गुडघे वाजले. त्याने आधी माशाकडे बघितलं, मग मागच्या काचेकडे, मग परत माशाकडे. नवाबाने झाकणं फुगवली. आरशातल्या नवाबाने फुगवली. दादाने डोकं डावीकडे नेलं, उजवीकडे नेलं. खोलीत फक्त पाणी गाळायच्या यंत्राची गुळगुळ.

"हा मासा," तो शेवटी म्हणाला, "त्या आरशाला खरं मानतो?"

"हो."

"जराही शंका नाही?"

"तुला दिसतेय का शंका?"

दादाच्या मिशीखाली काहीतरी हललं. "मी दुकानावर बसलो तेव्हापासून बाबा एकच सांगायचे. आरसा दिसला तर तो आरसा वाईट. चांगला आरसा दिसत नाही, त्यातलं दिसतं. हजारो माणसं आली. आरशात बघतात आणि म्हणतात, 'चौकट छान आहे'." तो मागे वळला. चेहरा उजळला होता. त्या घराने त्याला इतकं लांब बोलताना ऐकलं नव्हतं. "आणि हा! हा अंगावर धावून गेला! जेवण सोडलं याने! याला म्हणतात गिऱ्हाईक!"

आधी भिंगरी हसली. मग सगळेच. वहिनी भिंतीला धरून नुसत्या हलत होत्या. भाचा म्हणाला, "बाबा, दुकानात पाटी लावू या का? मासेसुद्धा फसतात अशी." दादाने त्याच्या पाठीत एक गुद्दा घातला. तो प्रेमाचा होता, तरी जोरात बसला.

"पण तू आरसा लावलासच का रे?" आत्याने विचारलं. "साधी काच चालली असती."

दादा तार आणायला निघाला होता. दारात थांबला, मागे न वळता.

"एकच मासा आहे ठकूचा, म्हटलं. टाकी एवढी मोठी. इतर आहेत, पण त्याच्या जातीचं कुणी नाही. एकटं वाटू नये. दुसरं कुणी दिसलं तर बरं, असं आपलं डोक्यात आलं."

ठकू. या नावाने तिला हाक मारणारं आता जगात एकच माणूस उरलं होतं. आत्याने भावाच्या पाठीकडे बघितलं. बनियनला मानेजवळ भोक होतं.

"त्याला दुसरा निळा नकोच होता, दादा," ती म्हणाली. "ते बारके आहेत ना. ते पुरेत."

"हं," दादा म्हणाला. हा चांगला हं होता. सूनबाईलाही कळला.

मग कामाला सुरुवात झाली. आत्याने टाकीतला दिवा मालवला, म्हणजे नवाबाला धक्का बसू नये. दादाने भिंत आणि टाकी यांच्यामधल्या फटीत हात घातला, कोपऱ्यांवरचे सिलिकॉनचे ठिपके पातळ तारेने कापले, हळू, श्वास रोखून. आरसा वर सरकू लागला. भाच्याने एक कड धरली. "खाली बघू नकोस, कडेकडे बघ," दादा म्हणाला. "बाबा, मी लहान नाही." "म्हणूनच सांगतो. लहान होतास तेव्हा ऐकायचास." आरसा अखंड बाहेर आला. सूनबाईने तोवर चौकटीचा गडद हिरवा पुठ्ठा कापून आणला होता. बिनचमकीचा, मापाला केसभरही कमी-जास्त नाही. तो मागे सरकवला आणि टाकीत एकदम संध्याकाळ झाल्यासारखी सावली पसरली.

नवाब धावत आला, ठरलेल्या जागी वळला, पिसारा ताणला. समोर कुणी नव्हतं.

तो थबकला. परत पुढे गेला, परत आला. हिरव्या सावलीशी नाक लावून उभा राहिला. घरभर कुणी हूं की चूं केलं नाही. या घरात असं होणं हीच नवलाई होती. भिंगरी आत्याच्या मांडीला टेकली होती, केव्हा टेकली ते दोघींनाही कळलं नव्हतं.

हळूहळू कल्ल्यांची झाकणं मिटली. पिसारा सैल झाला. नवाब वर आला, तरंगत्या पानांमधून तोंड काढून हवेचा एक घोट घेतला, आणि पानाखाली अंग टेकून पडून राहिला, लांबच्या प्रवासाहून आलेला माणूस ओसरीवर पडतो तसा.

"मेला का?" भाचा पुटपुटला.

"गप्प!" चार आवाज.

कोपऱ्यातली पहिली टेट्रा बाहेर पडली. मग दुसरी. मग सगळ्याच, एका दोऱ्यात ओवल्यासारख्या, टाकीच्या मधून निघाल्या. नवाबाने डोळा फिरवला. बघितलं. जाऊ दिलं. तेवढ्यात तळातला एक कोरी श्वास घ्यायला सरळ रेषेत वर सुटला आणि नवाबाच्या शेपटीला घासून गेला. आत्या स्टुलावरून अर्धी उठली. नवाब जरा बाजूला सरकला, इतकंच.

"आजी, वाट दिली त्याने! वाट दिली!"

आत्याने डबी उघडली. एक दाणा पाण्यावर ठेवला. तो तरंगत पानाजवळ गेला. नवाबाने त्याच्याकडे बघितलं, अगदी सावकाश वर आला आणि गिळला.

त्या घरात मग जो ओरडा झाला, त्याने वरच्या मजल्यावरची कबुतरं उडाली. भाच्याने भिंगरीला उचलून फिरवलं, सूनबाईने चक्क सासऱ्यांचा हात हातात घेतला. आत्याने डोळे मिटून हात जोडले. डोळे उघडले तेव्हा समोर कप होता, वाफेचा. वहिनी कधी आत गेल्या, कधी आल्या, कुणास ठाऊक.

"घ्या आता," त्या म्हणाल्या. "तो जेवला."

आत्याने उभ्यानेच घोट घेतला. कडक आणि गोड. "वहिनी, साखर मात्र खरंच जास्त आहे हो."

वहिनींनी कमरेवर हात ठेवले. मग त्यांचे खांदे हलू लागले.

*

फोन वाजला तेव्हा आत्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत टाकीत होते. वाळूतली एक वेल उपटून ती दुसरीकडे लावत होती, कारण नवाबाला आता लपायला मागची बाजू जास्त बरी, असं तिचं म्हणणं होतं, आणि वेल आहे तिथेच छान दिसते, असं दादाचं.

"खोलीवाल्या बाई असतील," सूनबाई म्हणाली. फोन वाजत राहिला.

"वहिनी!" आत्या म्हणाली. "तुम्हीच घ्या ना जरा, माझे हात ओले आहेत."

वहिनींनी फोन उचलला, पण फोनच्या तोंडावर हात धरून तिच्याकडे बघत राहिल्या. "काय सांगू?"

"सांगा, द्या म्हणावं खोली त्या माणसाला." आत्याने वेल वाळूत दाबली. "आणि कपाट, पलंग राहू दे त्याला. पण खिडकीतला तो तांब्याचा डबा आणि माझी गादी मला हवी."

वहिनींनी ते सांगितलं. मग ऐकलं. मग खुर्ची ओढून बसल्या. "अहो हो, पडल्या तेव्हा तुम्हीच होतात ना पाणी द्यायला? फार उपकार तुमचे... नाही, आता आमच्याकडेच. नाही, कायमच्या... काय सांगता, सामान तुम्हीच बांधून ठेवाल? गादीसुद्धा?"

"गादी उन्हात घातल्याशिवाय गुंडाळू नका म्हणावं!" आत्या आतून ओरडली.

"गादीला ऊन दाखवा म्हणतात हो त्या."

"आणि डब्याचं झाकण वेगळं आहे, कोपऱ्यात! ते विसरतील त्या!"

"ठकू, वेल वाकडी लावतेस," दादा म्हणाला.

"तुला सरळ काय दिसतंय? चष्मा कुठाय तुझा? आणि जरा लांब हो, उजेड अडवतोस माझा!"

"हळू गं, केवढ्याने ओरडतेस," दादा म्हणाला, आणि चष्मा शोधायच्या निमित्ताने घाईघाईने दुकानात निघून गेला.